मुख्य डब्याची वायर

लिंबायत, सुरत
३ मे २०२५

अश्विनी,

वर 'चि.' नाही आणि आशीर्वादही नाही. विसरलो असं समजू नकोस, लिहायला हात तयार होईना. तुझा नंबर मी काल ब्लॉक केला. फोनवर तू चार शब्द इंग्रजीत टाकतेस आणि मी गप्प होतो, हे दरवेळचं झालंय. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, म्हणून कागद.

परवा ठेकेदाराने ऑफिसात बोलावून तुमच्या कंपनीचा रिपोर्ट माझ्यापुढे टाकला. इंग्रजीत होता. त्याच्या क्लार्कने हिंदीत सांगितला. 'बसवणाऱ्या फिटरने कोणालाही न विचारता जोडणीत बदल केला, त्यामुळे अपघात झाला.' खाली सही कोणाची? अश्विनी दगा बोरसे. आपल्या नानांचं नाव बाप म्हणून मधे लावलंस आणि त्याच बापाच्या मोठ्या पोराला वरच्या ओळीत गाडलंस. शाब्बास!

माझा गेटपास काढून घेतला. नुसता त्या प्लांटचा असता तर मी म्हटलं असतं, मरू दे. पण हजिऱ्याकडच्या सगळ्या प्लांटांत नाव कळवतात. एकदा 'सेफ्टीत दोषी' असा शिक्का बसला की कोणी दारातसुद्धा उभं करत नाही. बावीस वर्षं वायरमनचं काम केलं मी. एका ओळीत संपवलंस.

तुला तिथे गारव्यात बसून कळलं नसेल म्हणून सांगतो काय झालं ते. बावीस एप्रिल, दुपारी तीन. पत्र्याच्या मोठ्या कॉइली नेणारी ती ट्रॉली रुळावरून येत होती. मगन पिवळ्या पट्ट्याच्या आत उभा होता, कॉइलीखाली लाकडाची ठोकळी सरकवत होता. मी बसवलेल्या तुझ्या रडारने पट्ट्याच्या आत माणूस दिसताच ट्रॉली थांबवायला पाहिजे होती. नाही थांबवली. मी शंभर फुटांवर पॅनेल उघडून बसलेलो. आवाज आधी ऐकला आणि मग मगनचा आवाज ऐकला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हाच मगन, आपल्या मागच्या गल्लीतला. तू दहावीत पहिली आलीस तेव्हा त्याने पेढे वाटले होते, तुझ्या सख्ख्या काकाने नव्हते वाटले.

तुला एकदाही फोन करून विचारावंसं वाटलं नाही का, की भाऊ, काय झालं, तू काय केलंस, का केलंस? आधी सही आणि मग भाऊ?

गजेंद्र


बंगळुरू
११ मे २०२५

भाऊ,

तू आशीर्वाद लिहिला नाहीस, मीही नमस्कार लिहीत नाही. फिटलं.

फोन केला नाही म्हणतोस? सतरा वेळा केला. तेवीस तारखेपासून तुझा फोन बंद होता, आणि चालू झाला तो मला ब्लॉक करायला. रंजना वहिनीला विचार, तिला मी दोनदा विचारलं की भाऊ जेवतो का. आणि आधी सही, मग भाऊ असं काही नाही. मी त्या मशीनची इंजिनिअर आहे. अपघातानंतर डबा उघडून जे दिसलं ते लिहायचं असतं, कोणाचा भाऊ आहे ते लिहायची जागा फॉर्मवर नसते.

आणि दिसलं काय? मुख्य डब्याची वायर बदललेली. अरे, का हात लावलास तिला? तुला चौदाव्या पानावर स्पष्ट लिहून दिलं होतं, लाल चौकटीत, की ही वायर बदलायची नाही. मी साहेबांपुढे छाती ठोकून सांगितलं होतं की सुरतच्या साइटवर माझा भाऊ फिटर आहे, तिथे काळजी नको. आता ऑफिसात माझ्याकडे सगळे कसे बघतात ते तुला माहीत नाही.

तुला कळावं म्हणून नीट सांगते, आणि हे कागदावर आहे तेव्हा दहा वेळा वाच. त्या आडव्या पट्टीवरचे चार डबे म्हणजे चार मशिनं नव्हेत, मिळून एक मशीन आहे. प्रत्येक डब्यात एक रडारची चिप. पहिला डबा मुख्य. ताल तो धरतो आणि वायरीतून बाकी तिघांना पाठवतो. चौघांनी एकाच क्षणाला एकाच तालावर ऐकलं तर माणूस डावीकडे आहे की उजवीकडे ते कळतं, नाहीतर नाही. वायर लांब असली की सिग्नल उशिरा पोचतो. किती उशिरा? एका सेकंदाचे अब्ज तुकडे केलेस तर त्यातले दोन-चार. पण आमच्या कामात तेवढा उशीर खूप झाला. म्हणून तिघांच्या वायरी एका मापाच्या असतात. आणि मुख्य डबा झाला म्हणून त्याला स्वतःचा सिग्नल घरातल्या घरात घ्यायची मुभा नाही. त्यालाही तो बाहेर काढून, तितक्याच लांब वायरीतून फिरवून, परत आत घ्यावा लागतो, म्हणजे तोही बाकीच्यांइतकाच उशिरा ऐकतो. ते वेटोळं याच्यासाठी होतं. तू ते काढलंस आणि वीतभर वायर लावलीस.

सकाळी काही बिघडलेलं दिसत नाही. पण दुपारी पत्र्याच्या छपराखाली वायरी तापतात आणि त्यांच्यातला उशीर बदलतो. चारही सारख्या असत्या तर चौघांचा सारखाच बदलला असता आणि मशीनला फरक पडला नसता. तिघांचा बदलला, मुख्य डब्याचा त्या मानाने काहीच बदलला नाही. मगनभाऊ पट्ट्याच्या आत होता. मशीनला तो बाहेर दिसला.

मलाही रडू येतं, भाऊ. पण मी खोटं लिहू का?

अश्विनी


लिंबायत
१८ मे २०२५

अश्विनी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दहादा वाचायची गरज नाही, मी अडाणी नाही. तू जे लिहिलंस ते पहिल्याच वाचनात कळलं, आणि कळल्यावर जास्त संताप आला. एवढं सोपं होतं! दीड पानाचं काम. हे तू एप्रिलमध्ये लिहून पाठवलं असतंस तर मगन आज दोन पायांवर असता.

चौदावं पान! म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मी दहावीपर्यंत शिकलो, तुझी फी भरता यावी म्हणून तिथेच थांबलो, आणि तू मला लाल चौकटीतलं इंग्रजी वाचायला लावतेस. मी ठेकेदाराला म्हटलं होतं, हिंदीत तरी द्या. तो म्हणाला, गजेंद्र, तू कारीगर माणूस, तुला कागद काय करायचाय, चित्र बघ आणि लाव. चित्रात चार डबे आणि चार रेघा. वेटोळं कशाला ते चित्र सांगत नाही.

आता ऐक का काढली ते. तू जन्मायच्या आधी नाना उधन्याला लूमच्या खात्यात कापड विणायला होते. नानांच्या डाव्या हातावरची कातडी तू लहानपणापासून बघतेस, कधी विचारलंस का कशाने भाजली? खात्यात कोणीतरी जास्तीची वायर गुंडाळून मोटारीवर लटकवून ठेवली होती. त्या वेटोळ्यात धाग्याचा पिंजलेला कचरा आणि तेल साठत गेलं. एक ठिणगी पडली आणि भक्कन पेटलं. तेव्हापासून नानांनी मला पहिला धडा हाच दिला. वायर लागेल तेवढीच. वेटोळं ठेवायचं नाही. लिंबायतचा कुठलाही वायरमन घे, त्याला विचार, जास्तीची वायर लटकलेली दिसली की त्याचा हात आपोआप पुढे जातो. काम नीट करणाऱ्याचा हात जातो, कामचुकारपणा करणाऱ्याचा नाही.

मी काय बघितलं? एका डब्यातून वायर निघते, तीन फेरे घेते आणि त्याच डब्यात परत जाते. कुठेच जात नाही ती! मी म्हटलं, हे टेस्टिंगवाल्यांचं राहिलेलं दिसतंय. तुमच्याच पेटीत तशाच पितळी तोंडाची वीतभर वायर होती, दोन्ही टोकं बरोबर बसली. मी चावीने घट्ट केली आणि लांब वायर प्लास्टिकमध्ये घालून तुमच्या पेटीत परत ठेवली. लपवायचं असतं तर फेकली असती ना? आणि तीच वीतभर वायर तिथे लावायचीच नसेल तर माझ्या पेटीत आली कशाला? ते कुठल्या पानावर लिहिलंय?

आता एक प्रश्न विचारतो, आणि याचं उत्तर गोल-गोल देऊ नकोस. वायर मी आठ एप्रिलला सकाळी साडेआठला बदलली. तू बंगळुरूहून दहाला मशीनला जोडलीस. मला म्हणालीस, भाऊ, तो लोखंडी तिकोना दहा पावलांवर मधोमध ठेव. मी ठेवला. तू पंधरा मिनिटं काहीतरी केलंस, मग म्हणालीस, झालं भाऊ, सगळं हिरवं. त्या वेळी वायर बदललेली होती. तुझ्या मशीनला दीड तासापूर्वी बदललेली वायर कळत नाही, पण अपघात झाल्यावर तुला लगेच कळते?

गजेंद्र

ता. क. रंजना म्हणते, जेवतो का विचारलंस ते खरं आहे. पण ती मला सांगायला विसरली होती असं म्हणते. मला वाटतं मुद्दाम सांगितलं नाही.


बंगळुरू
२ जून २०२५

भाऊ,

उत्तराला उशीर झाला, काम होतं.

नानांच्या हाताचं मला खरंच माहीत नव्हतं. मला सगळ्यांनी सांगितलं होतं की स्टोव्हचा भडका उडाला. माझ्यापासून घरात काय काय लपवलंत ते देव जाणे.

वीतभर वायर आमच्या टेबलावरच्या तपासणीची होती, ती पेटीत राहिली ही पॅकिंगवाल्यांची चूक. ते मी वर कळवलंय. पान चौदाचं मराठी-हिंदी करून घ्यायला हवं होतं, तेही मान्य. यापुढे करू.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की चाचणी पास झाली होती. एका जागी ठेवलेल्या तिकोन्यावरून मशीन चारही डब्यांमधला फरक मोजतं आणि आकडे दुरुस्त करून घेतं. त्या सकाळी जो फरक होता तो त्याने दुरुस्त केला. दुपारच्या उन्हात तो फरक बदलेल हे मशीनला कळायचं कारण नव्हतं. मला काही वेगळं दिसलं नाही. सगळं हिरवंच होतं.

आता मी एक सुचवते, रागावू नकोस. माझ्या मैत्रिणीचा नवरा पुण्याला चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे सुरतचं कोणी विचारणार नाही. तू, वहिनी, तुमचा ललित तिकडे या. नाना-माय माझ्याकडे राहतील. हे प्रकरण मागे पडू दे. चौकशी वाढवून कोणाचंही भलं होणार नाही.

अश्विनी


लिंबायत
९ जून २०२५

अश्विनीबाई,

हो, बाईच म्हणतो. असलं पत्र माझ्या बहिणीचं नाही. ते तुमच्या कंपनीच्या साहेबाने सांगितलं आणि तू उतरवलंस असं वाटतं.

चाकण! पळून जाऊ म्हणतेस. आणि मगनला कुठे पाठवू, त्यालाही चाकणला नेऊ का? रोज सकाळी मी त्याच्याकडे जातो. त्याची बायको, मंदाबाई, दार उघडते आणि माझ्याकडे न बघता आत जाते. मगन बाजेवर बसलेला असतो. शिव्या देत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नसलेल्या पायाला खाज येते म्हणतो आणि चादर खाजवतो. मी अर्धा तास बसतो आणि उठतो. तू एकदा येऊन बस त्या बाजेपाशी, मग मला सांग प्रकरण मागे पडू दे म्हणून.

माझ्या हातून वायर बदलली गेली. लिहून देतो, कोर्टात सांगतो, मगनच्या पाया पडून त्याला सांगितलंय. ते मी कुठे नाकारतोय? मला एवढंच पाहिजे की मी काय केलं आणि का केलं, दोन्ही लिहिलं जावं. कोणालाही न विचारता केलं असं लिहू नका. मी विचारलं होतं. ठेकेदाराला विचारलं, तो म्हणाला चित्र बघ. आणि तुला सगळ्यात शेवटी विचारलं. तू म्हणालीस हिरवं.

तुझं पत्र वाचताना मला एक गोष्ट दिसली. पहिलं पत्र तू तीन पानं लिहिलंस, रागाने, आणि अक्षर सरळ होतं. हे दुसरं तू एका पानात उरकलंस आणि 'मला काही वेगळं दिसलं नाही' या ओळीपाशी दोनदा खाडाखोड आहे. लहानपणी मायचा आरसा फोडलास आणि मांजरीचं नाव घेतलंस तेव्हाही तू अशीच थोडक्यात बोलली होतीस. मी तुला ओळखतो गं. कडेवर घेऊन वाढवलंय.

परवा तुमच्या कंपनीतर्फे म्हणून एक माणूस आला होता, वकीलटाइप. कागद होता त्याच्याकडे. चहा पाजला आणि वाटेला लावला. पुन्हा येतो म्हणालाय.

खरं काय ते लिही. नसेल लिहायचं तर पत्र पाठवू नकोस.

गजेंद्र


बंगळुरू
२० जून २०२५

भाऊ,

हिरवं नव्हतं.

चार दिवस हे वाक्य लिहून फाडतेय. आता लिहिलंय तर फाडणार नाही.

आठ एप्रिलला चाचणी झाल्यावर चार डब्यांचे चार आकडे पडद्यावर आले. तिघांचे कारखान्यातून निघताना होते तेवढेच. मुख्य डब्याचा भलताच. त्याच्यापुढे पिवळी खूण होती आणि खाली प्रश्न होता, फरक नेहमीपेक्षा जास्त आहे, स्वीकारायचा का? मी 'हो' दाबलं. दाबल्यावर सगळं हिरवं झालं आणि मग मी तुला सांगितलं की हिरवं आहे. हे सगळं नोंदीत आहे, वेळ दहा वाजून एकोणीस मिनिटं, माझ्या नावाने. तुझं अठरा मेचं पत्र आलं त्या दिवशी मी नोंद उघडली आणि बंद केली. आठवडाभर तोंड दाबून बसले आणि मग तुला खोटं लिहिलं.

का दाबलं? अकरा वाजता प्लांटचे मालक नारळ फोडायला येणार होते आणि आमचे साहेब फोनवर पलीकडून 'झालं का, झालं का' करत होते. हे एक कारण झालं आणि ते मी सगळ्यांना सांगू शकते. दुसरं सांगता येत नाही. तिथे दुसरा कोणी फिटर असता तर मी त्याला म्हटलं असतं, बाबा, मुख्य डबा उघड आणि फोटो पाठव. पण तिथे तू होतास. मला वाटलं, भाऊने लावलंय म्हणजे जोडणी बरोबरच असणार, आकडाच काहीतरी भलता आलाय. तुझ्या हातावर मी इतकी निर्धास्त होते की माझ्या डोळ्यांनी दिसलेलं मी खोटं धरलं. आणि तूही तेच केलंस ना? बहीण हिरवं म्हणते म्हणजे हिरवं.

आता राग कोणावर काढू सांग. तुझ्यावर काढून बघितला, पुरला नाही. साहेबांवर काढला. काल त्यांच्या खोलीत जाऊन नोंदीचा कागद टेबलावर आपटला. ते म्हणाले, हे चौकशीत देऊ नकोस, फिटरने वायर बदलली एवढं पुरेसं आहे, तू कशाला अंगावर ओढून घेतेस? मला म्हणाले, बी प्रॅक्टिकल. इतकी चीड आली की तोंडातून अहिराणीच निघाली. "तुमले लाज नही वाटस का?" म्हटलं. त्यांना काही कळलं नाही, पण आवाज कळला असेल.

कारखाना निरीक्षकांच्या सुरतच्या ऑफिसला मी आज रजिस्टर पोस्टाने सगळं पाठवलं. नोंद, वेळ, माझी सही, आधीचा रिपोर्ट अर्धवट होता हेही. नोकरी जाईल. जाऊ दे. तो वकीलटाइप माणूस पुन्हा आला तर कशावरही सही करू नकोस. ऐकतोयस ना? काहीही लिहिलेलं असू दे, कितीही गोड बोलू दे. तीन जुलैला मी सुरतला येतेय, निरीक्षकांनी बोलावलं तर तुझ्या शेजारी बसून सांगेन.

नमस्कार. हा मनापासून आहे.

अश्विनी


लिंबायत
२७ जून २०२५

अश्विनी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. सही मी सोळा तारखेला करून बसलोय.

तो माणूस पुन्हा आला होता. कागदावर लिहिलं होतं की सगळ्या सूचना समजावून सांगितलेल्या असताना मी माझ्या मर्जीने वायर बदलली. मी म्हटलं, हे खोटं आहे, मी नाही करणार. तेव्हा त्याने पेन खिशात ठेवलं आणि हळूच म्हणाला, ठीक आहे, मग चौकशी वर जाईल, आणि वर गेली तर चाचणी घेणाऱ्या इंजिनिअरचं नाव निघेल. तुमची बहीण ना ती? मी त्याच्याकडून पेन मागून घेतलं. रंजना स्वयंपाकघरातून ओरडत होती की करू नका, मी ऐकलं नाही.

म्हणजे तू खोटं बोलतेस हे मला नऊ तारखेला कळलं होतं, आणि का बोलतेस ते सोळाला कळलं. तरी सही केली. आता तू खरं सांगून माझी सही खोटी पाडलीस. अगं, हेच पंधरा दिवस आधी लिहायला काय धाड भरली होती तुला? दोन जूनला लिहिलं असतंस तर त्या माणसाला मी पायरीवरूनच हाकलला असता. आता निरीक्षकापुढे दोन कागद जातील, बहीण म्हणते माझी चूक आणि भाऊ लिहून देतो माझी चूक. कंपनी हसेल आणि म्हणेल, हे दोघं घरात ठरवून एकमेकांना वाचवतायत. इतका संताप आला काल, तुझं पत्र चुलीत घालणार होतो.

घातलं नाही. उचललं आणि मगनकडे गेलो. म्हटलं, याला सगळं कळलं पाहिजे, लपवून लपवून खूप झालं. बाजेपाशी बसून तुझी तिन्ही पत्रं वाचून दाखवली, माझी मी काय लिहिली होती ती तोंडाने सांगितली. वायर, वेटोळं, पिवळी खूण, सही, सगळं. मंदाबाई दारात उभी राहून ऐकत होती. वाचून झालं तेव्हा मी म्हटलं, आता तूच सांग मगन, चूक कोणाची, माझी की तिची?

तो म्हणाला, दोन महिने तुम्ही दोघं माझ्या पायावरून भांडताय. मी त्या पट्ट्याच्या आत का उभा होतो हे तुझ्या बहिणीने विचारलं नाही, निरीक्षकाने विचारलं नाही, आणि तू रोज येतोस, तूही विचारलं नाहीस.

मी म्हटलं, का?

म्हणाला, आम्ही नेहमी ट्रॉली थांबल्यावर आत जायचो. तू मशीन बसवलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाच्या सुट्टीत तूच सगळ्यांना म्हणालास, आता थांबायची गरज नाही, बिनधास्त आत उभे राहा, "मन्ही बहीणनी बनाडेल शे." तू मला हाताला धरून आत नेलंस आणि ट्रॉली चालू करायला लावलीस. ती आपल्यापासून चार हातांवर थांबली. सकाळ होती. तू टाळ्या वाजवल्यास.

अश्विनी, हे खरं आहे. मी विसरलो होतो असं म्हणणार नाही. बावीस एप्रिलपासून रोज आठवतं मला. तुला तीन पत्रं लिहिली, पानंच्या पानं लिहिली, आणि हे एकदाही लिहिलं नाही. तुझ्या अक्षरावरून तुझं खोटं काढत बसलो.

मग तो म्हणाला, "मी तुन्हा मशीनवर उभा नव्हतू रे भाऊ, तुन्हा शब्दवर उभा व्हतू." आणि तोंड भिंतीकडे केलं. मंदाबाईने मला जा म्हणून सांगितलं.

सही मागे घेतो असा अर्ज आज सकाळी निरीक्षकाच्या ऑफिसात देऊन आलो. ही गोष्टसुद्धा त्यात लिहिली आहे. ती तुझ्या मशीनची नाही आणि वायरीचीही नाही, माझ्या एकट्याची आहे. गेटपास आता मिळायचा नाही हे मला माहीत आहे.

तू तीन तारखेला ये. स्टेशनवरून आधी घरी येऊ नकोस, मी बाहेरच उभा असेन, आपण थेट मगनकडे जाऊ. काल मी उठलो तसं मला पुन्हा त्याच्या दारात एकट्याने जाववत नाही.

गजेंद्र